पिवळखुटीचा ळ

ळचं उजवं पोट डाव्यापेक्षा मोठं होतं आणि थोडं खाली लोंबत होतं. नगमानं ते पाहिलं आणि हातातला चहाचा कागदी कप ओठांपर्यंत गेलाच नाही. अकोल्याजवळच्या त्या भंगाराच्या गोदामाच्या मागच्या भिंतीला तो बोर्ड टेकवून उभा केला होता. पत्र्याचा, आठ-नऊ फूट लांब, दोन्ही टोकांना बोल्ट उपटल्याची गंजकी भोकं. पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं. वर मराठीत पिवळखुटी, मधे हिंदीत पिवलखुटी, सगळ्यात खाली इंग्रजीत तेच नाव. कोपऱ्यात कुणीतरी खडूनं लिलावाचा नंबर टाकला होता, सतरा. "हाच पाह्यजे व्हता ना तुमाले?" शेजारून उत्तमराव म्हणाले. त्यांच्या आवाजात शोध लागल्याचा आनंद होता, आणि तो तिच्याकडून परत मिळावा अशी अपेक्षाही. ती "हो" म्हणाली. मग पुन्हा "हो" म्हणाली. तिला खरं म्हणायचं होतं की नाही, हा तो नाही, हा असूच शकत नाही, कारण हा ळ अब्बांनी पुसला होता. सदतीस वर्षांपूर्वी. तिला तसं स्वतः सांगितलं होतं त्यांनी, जेवताना, भाकरीचा तुकडा हातात धरून.

ती अब्बांचं शेवटचं अक्षर विकत घ्यायला आली होती. अब्बा, म्हणजे उस्मान पेंटर, रेल्वेत होते. अकोल्याहून अकोट, खंडव्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवरचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे. तिकीट घर, पिण्याचे पाणी, स्त्रियांकरिता. त्यांचा इंतकाल झाल्यानंतर काही महिन्यांनी अंजनगाव सुर्जीत, शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या लग्नघरी गेलेली असताना, रस्त्याकडेच्या भंगाराच्या दुकानात तिला 'येथे थुंकू नये' अशी पाटी दिसली. पाटीवरचा थ तिनं लगेच ओळखला. अब्बा थ ची गाठ आधी बांधून मग दांडी ओढत. ती रिक्षातून उतरली, पाटी घेतली आणि मांडीवर ठेवून लग्नाला गेली. तिथून हे सुरू झालं. छोट्या लाइनींचे अरुंद रूळ उखडून त्या मोठ्या होत होत्या, जुनी ठेसनं पाडली जात होती. भंगारवाले तिथला माल घाऊक उचलत, त्यातली देखणी वस्तू बाजूला काढत आणि रविवारी शौकिनांना बोलावून लिलाव करत. पुण्या-मुंबईचे लोक येत, हॉटेलवाले येत. बहुतेकांना कंदील, घड्याळं, पितळी बिल्ले हवे असत. नगमा फक्त पाट्या बघायची, आणि त्यातल्याही फक्त एका हाताच्या. तीन वर्षांत सात झाल्या. नागपूरला नोकरी करणारी तिची मुलगी आरजू सुट्टीत घरी आली की हसायची, "अम्मी, अपने ही घर में लिख के रखा है, थूको मत?" नगमाही हसायची. अमरावतीतल्या त्या तीन खोल्यांत ती एकटीच राहत होती आणि पाट्या बघताना तिला मनगटाला आधार म्हणून पत्र्यावर काठी टेकवून, श्वास रोखून रेघ ओढणारे अब्बा दिसत. बाकी त्यांचं फार काही उरलं नव्हतं. पिवळखुटीचा बोर्ड मात्र तिनं कधी शोधला नव्हता. उत्तमरावांनी दोन-तीनदा विचारलं होतं. ते त्याच लाइनीवर बावीस वर्षं गार्ड होते, आता त्यांच्या बडनेऱ्याच्या घरी कंदिलांनी कपाट भरलं होतं. "पिवळखुटीचा बोर्ड उस्मानभाईचाच हाय. म्या रोज पाह्यला," ते म्हणत. नगमा विषय बदलायची. आणि मग या हिवाळ्यात तिला अचानक वाटलं की आपण पन्नाशीला आलो, आता कसली लाज. तिनंच फोन करून सांगितलं, तो आला तर कळवा.

लाज एकोणीसशे एक्याऐंशीच्या मे महिन्यातली होती. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि अब्बांच्या उजव्या हाताला कापरं भरू लागलं होतं. आधी कपबशी वाजायची. मग ब्रश धुताना रॉकेलची वाटी सांडायची. घरात कुणी काही बोलायचं नाही. अम्मीनं कपबशीऐवजी पेला द्यायला सुरुवात केली, एवढंच. अब्बा डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहू लागले आणि काही महिने ते निभलं. नगमा लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून जुन्या पत्र्यांवर गिरवायची. अब्बा हसत, "ब्रश को इतना कसके मत पकड, मुर्गी है क्या, भाग जायेगी?" त्या मे महिन्यात एका सकाळी त्यांनी तिला उठवलं आणि पॅसेंजरनं पिवळखुटीला नेलं. डब्यात दोघंच होते, मधे रंगाचे डबे.  उतरताना फक्त म्हणाले, "कोई पूछे तो बोलना, पानी देने आयी हूं." तिथं देवमन होता, रेल्वेच्या गँगमधला खलाशी, म्हणजे हरकाम्या, शिडी घेऊन. तो महारवाड्यातला, त्याच्या घरी बाबासाहेबांचा फोटो होता, आणि अब्बांशी त्याची गट्टी होती. त्यानं बोर्ड आधीच पिवळा करून वाळवला होता. दोरीला कोळशाची पूड लावून अब्बांनी सुतं मारली, खडूनं अक्षरांच्या जागा आखल्या, आणि ब्रश तिच्या हातात दिला. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. निंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं. प, व सहज उतरले. मग ळ. अब्बा खालून म्हणाले, "ये हरफ अपने पास नहीं है, बेटा. उर्दू में नहीं. इसको उनके मुंह से सुनना पडता, फिर हाथ में आता." देवमननं शिडी धरल्याधरल्या मोठ्यानं म्हणून दाखवलं, "ळ, ळ, ळ. पळ. निळं. काळं कुत्रं." आणि तिला हसू आलं. हसतानाच तिचा हात हलला आणि उजवं पोट मोठं झालं. ओला काळा रंग थोडा खाली उतरला. तिनं घाबरून अब्बांकडे पाहिलं. ते बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "चल, आगे." सूर्य डोक्यावर आला तेव्हा तीनही ओळी झाल्या होत्या. परतीच्या गाडीत तिच्या बोटांच्या बेचक्यांत काळा रंग होता आणि तो धुवू नये असं तिला वाटत होतं. एखाद्या गावाचं नाव आपण लिहिलं, आता गाडीतून जाणारा प्रत्येक माणूस ते वाचून म्हणेल की पिवळखुटी आलं, या विचारानं रात्री तिला गरम होत राहिलं.

आठ दिवसांनी अब्बा जेवताना म्हणाले, "वो बोर्ड मिटा दिया मैंने. दुबारा लिखा. साहब हंस रहा था." अम्मी तव्याकडे बघत होती. नगमानं विचारलं नाही, काय म्हणून हसले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, एवढं तिला अजून आठवतं. ते पुढं म्हणाले, "अब पढाई कर. ये काम तेरा नहीं." दुसऱ्या दिवशी ब्रशांची पत्र्याची पेटी माळ्यावर गेली. त्या वर्षी अब्बांचं अक्षरांचं काम सुटलंच, त्यांना फाटकं आणि खांब रंगवायला दिले. तेव्हा पिवळखुटी हे त्यांनी लिहिलेलं शेवटचं नाव ठरलं. तिनं खराब केलेल्या नावावर, कापऱ्या हातानं. पुढं नगमा शिकली, डी.एड. झाली, अमरावतीच्या उर्दू शाळेत मराठी शिकवू लागली. दरवर्षी जूनमध्ये ती फळ्यावर ळ काढायची आणि पोरांना म्हणायची, दोन्ही पोटं सारखी हवीत. माहेरच्या कामांसाठी, लग्नांसाठी त्या लाइनीनं ती कितीदा गेली, पण पिवळखुटी जवळ आलं की ती पिशवीत काहीतरी शोधायची, नाही तर पलीकडच्या खिडकीतून बघायची. सगळे जण आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं. गाडी हलली की मान वर करायची. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. एका अक्षरासाठी माणूस एवढा वेळ मान खाली घालतो का?

आणि आता ते अक्षर समोर होतं. पुसलेलं नव्हतं. ती जवळ गेली, बसली. ळच्या कडेला एका ठिकाणी रंगाचा पोपडा निघाला होता आणि तिथं काळ्याखाली काळा, त्याखाली पुन्हा काळा असे थर दिसत होते, बिस्किटाच्या पुड्यासारखे. म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा रंगवलं होतं, पण याच रेघेवरून, हेच पोट, हाच ओघळ. चुकीवर चूक तशीच बसवत. तिनं बोट लावलं आणि काढून घेतलं. मागे गोदामाच्या अंगणात लोक जमू लागले होते. या वर्षी रेल्वेच्या सामानाशेजारी बैलगाड्याही आल्या होत्या, सहा-सात. बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले तिनं पाहिले होते. हॉटेलांच्या दाराशी ठेवायला गाडीची चाकं खपतात म्हणे. एक पागोटंवाला म्हातारा आपल्या गाडीच्या जुवावरचे घुंगरू सोडत होता. कुणीतरी त्याला म्हणालं, राहू दे, घुंगरासकट भाव येतो. त्यानं ऐकलं नाही, घुंगरू सोडून पागोट्याच्या शेवटात बांधले आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. नगमा त्याच्याकडे बघत होती, पण तिचं डोकं दुसरीकडेच होतं. अब्बा खोटं बोलले होते. तिला राग येत नव्हता, दुःखही होत नव्हतं, फक्त पायाखाली पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं झालं होतं.

"उस्मानभाईची पोरगी ना तुमी?" कुणीतरी म्हणालं. दाराशी स्टुलावर बसलेला, पांढरा सदरा घातलेला, सत्तरीचा वाळका माणूस. कोणती वस्तू कोणत्या ठेसनावरची हे सांगायला भंगारवाल्यानं त्याला बसवला होता. तिनं चेहरा ओळखायच्या आधी आवाज ओळखला. "देवमनभाऊ?"

"वळखलं म्हणा की. म्या तं तुमाले तिकडून चालतानीच वळखलं. उस्मानभाईवानीच चालता, मान खाली घालून." तो उठू लागला तर तिनं त्याला बसवलं आणि शेजारच्या लाकडी पेटीवर टेकली. थोडा वेळ तो तिची चौकशी करत राहिला. कुठं असता, किती लेकरं, अम्मी कधी गेल्या. मग ती म्हणाली, "देवमनभाऊ, तो बोर्ड. अब्बांनी तो पुसून पुन्हा लिहिला होता ना?"

"पुसला?" देवमन म्हणाला. "कोण म्हणे?"

"अब्बाच म्हणाले होते. साहेब हसले म्हणून."

देवमननं मान हलवली. "हसला नाई काई साहेब. म्या हजर व्हतो तिथं. साहेबानं पाह्यलं अन् म्हणे, उस्मान, हात सुधरला की तुझा. उस्मानभाई तसेच वळले. ठेसनामांगं गेले अन् हिरीवर लय वेळ तोंड धूत बसले."

गोदामात लिलाव सुरू झाला होता. पुकारणारा माणूस एका घड्याळाचं वर्णन करत होता. देवमनचा आवाज खाली आला. "ते अक्षर तुमचंच हाय, बाई. चार-पाच सालांनी रंग द्या लागे बोर्डाले. उस्मानभाईले तवा फाटकं रंगवाचं काम व्हतं, तरी पिवळखुटीचं आलं की साहेबाची मिनत करून तेच येत. हात असा असा हाले. म्या म्हणे, उस्मानभाई, द्या मले, म्या भरतो. तं म्हणत, भर, पण लाइन नको सोडू. पोरीची लाइन हाय. मंग आमी दोघं भरत जाऊ. ळ मात्र मले भरू देत नसत. तो ते सोता भरत. एकदा तं अर्धा दिवस गेला त्या ळवर. गाड्या यायच्या जायच्या, लोक पाह्यत, हा म्हातारा काय करून राहिला. तीनदा आमी केलं तसं. ते रिटायर झाले, मंग जो नवा पोऱ्या आला त्यालेबी म्या तेच सांगतलं. तो म्हणे, ळ वाकडा हाय, सुधरवतो. म्या म्हटलं, हात लावशीन तं पाह्य."

"मंग मले तसं काहून सांगतलं?" नगमाच्या तोंडून वऱ्हाडीच निघालं. शाळेत लागल्यापासून तिनं ती बोली मागे ठेवली होती.

"काहून ते मले नाई माहीत," देवमन म्हणाला. "म्या इचारलं नाई. माणसाले काई इचारावं, काई नाई इचारावं." तो आपल्या गुडघ्यावरची धूळ झटकू लागला. मग म्हणाला, "तुमी पाह्यलाच असंल की बोर्ड. येता-जाता."

नगमानं मान खाली घातली. साहेबानं म्हटलेलं ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं, हात सुधरला की तुझा. तिनं अब्बांच्या जागी उभं राहून ते ऐकायचा प्रयत्न केला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याचं पोट या हातावर चालतं आणि हात जातोय, त्याला त्याच्या पोरीच्या अक्षराबद्दल शाबासकी मिळते आणि ती त्याला घ्यावी लागते. त्या दिवशी घरी येऊन तो काय सांगणार होता? की तुझं अक्षर पास झालं, माझ्या नावावर? त्याला हेवा वाटला असेल का? तिला हे स्वतःशी म्हणायला अवघड गेलं, पण तिनं म्हटलं. वाटला असेल. आणि भीतीही वाटली असेल, की पुढच्या बोर्डाला पुन्हा पोरीलाच न्यावं लागेल, त्याच्या पुढच्यालाही, शाळा सुटेल, उन्हात शिडीवर उभी राहून ती मोठी होईल. दोन्ही एकदम वाटलं असेल. एका वाक्यात सगळं तोडून टाकलं त्यांनी, आणि मग पंधरा वर्षं जाऊन त्याच रेघा भरत राहिले. एकदा सांगितलं असतं. एकदाच, कधीही. तिच्या लग्नात, अम्मीच्या मयतीच्या दिवशी, इस्पितळात. पण तिनंही कुठं विचारलं होतं.

"सतरा नंबर!" पुकारणारा ओरडला. दोन माणसांनी बोर्ड पुढं आणून धरला. उत्तमराव घाईनं येऊन तिच्या पाठीशी उभे राहिले. पुण्याचे दोघे सुरुवातीलाच थांबले. उरला एक तरुण माणूस, खाकी जॅकेटातला, सेमाडोहच्या वाटेवर नवं रिसॉर्ट होत होतं तिथला. त्यानं मघाशी तीन बैलगाड्याही घेतल्या होत्या. तो शांतपणे बोट वर करत होता, नगमा हात वर करत होती. आकडा तिनं मनाशी ठरवलेल्याच्या पुढं गेला. उत्तमराव कानाशी म्हणाले, "थांबू नका, म्या हाय ना. पैशाचं मांगून पाहू." तिला ऐकू आलं. तिला हेही दिसत होतं की जॅकेटवाला आता थोडा घुटमळतोय, अजून एकदा हात वर केला तर तो सोडेल. पण हात मांडीवरच राहिला. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःला त्याचं कारण सांगत राहिली. की अब्बांनी तो बोर्ड माळ्यावर ठेवला नव्हता, फलाटावर ठेवला होता, येणारा-जाणारा वाचेल असा, आणि आपल्या बंद खोलीत तो आठवी पाटी होऊन राहिला असता. कारण चांगलं होतं. पण ते तिनं नंतर जुळवलं. त्या क्षणी तिला फक्त वाटलं की हा बोर्ड घरी आला तर रोज सकाळी त्याच्याकडे बघावं लागेल, आणि तेवढी ताकद आपल्यात नाही. पुकारणाऱ्यानं तीनदा आकडा म्हटला. बोर्ड जॅकेटवाल्याचा झाला.

"मॅडम, असं काहून केलं?" उत्तमराव म्हणाले. ते खरोखर दुखावले होते.

टेम्पोत बैलगाड्यांची चाकं आधी चढली, मग बोर्ड आडवा गेला. जॅकेटवाला तिच्याकडे आला. त्याला जिंकल्याचा संकोच वाटत असावा. म्हणाला, "मॅडम, हे बाबा म्हणतात की तुम्हाला या बोर्डाची माहिती आहे. आम्ही प्रत्येक वस्तूखाली छोटी पट्टी लावणार आहोत, कुठली, कधीची, कुणी केली. लोकांना कळायला पाहिजे ना. हा कुणी लिहिला होता?" त्यानं खिशातून डायरी आणि पेन काढलं. देवमन शेजारीच उभा होता. त्यानं नगमाकडे पाहिलं आणि वाट बघत राहिला. उत्तमरावही बघत होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं डायरी हातात घेतली. तिचं नाव तीन अक्षरांचं, त्यात एकही अवघड नाही. ते तिथं लिहिलं असतं तर खरं होतं. सेमाडोहच्या जंगलात वाघ बघायला आलेली माणसं चहा पिताना ते वाचतील, आरजू कधी गेली तर तिला दिसेल. तेरा वर्षांची ती पोरगी, बोटांतला रंग न धुता झोपलेली, तिला कुणीतरी उठवून सांगितल्यासारखं होईल. नगमानं पेन टेकवलं आणि लिहिलं, 'उस्मान पेंटर, अकोला. १९८१.' अक्षर नीट आलं. तिनं डायरी परत दिली.

"बाई," टेम्पो गेल्यावर देवमन म्हणाला, "तुमचं नाव टाकाचं व्हतं."

"तीनदा त्यांनीच भरलं ना, देवमनभाऊ."

"भरलं. पण लाइन तुमची व्हती." तो आणखी काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, खरखरीत, वजनाला हलका झालेला हात, आणि आपल्या स्टुलाकडे गेला. अजून पंधरा-वीस वस्तू पुकारायच्या राहिल्या होत्या.

परतताना उत्तमराव गाडी हळू चालवत होते. मूर्तिजापूर मागे पडलं. दुपार कलली होती, उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगांच्या सावल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. उत्तमरावांनी एकदा काच खाली केली, पुन्हा वर केली. मग नगमा आपणहूनच बोलू लागली. तिनं त्यांना बोर्डाचं सगळं सांगितलं, शिडीचं, साहेबाचं, देवमन काय म्हणाला ते. उत्तमराव मधूनमधून "अरे अरे" म्हणत होते. सांगून झालं तेव्हा त्यांना वाटलं संपलं. पण तिनं समोरच्या काचेकडे बघत पुन्हा सुरुवात केली, आता तिचा आवाज वेगळाच येत होता, वर्गात एखाद्या पोराला बाजूला घेऊन बोलावं तसा.

"सात वर्षांपूर्वी आम्ही खंडव्याला गेलो होतो. चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. अब्बांना झेपत नव्हतं, तरी म्हणाले, मी येतो. अकोल्याला चढताना त्यांनी मला हट्टानं खिडकीशी बसवलं. इकडे नाही, त्या बाजूला बस, म्हणाले. मला वाटलं, हवा येईल म्हणून. ते माझ्या शेजारी बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे ते तेव्हा, लोकांना दिसू नयेत म्हणून. अकोट गेलं. मग मला कळलं, आता पिवळखुटी येईल. आणि त्या बाजूचा फलाट, त्या बाजूचा बोर्ड. शेजारी अब्बा. कुठं बघू मी? मी डोळे मिटून घेतले आणि डोकं मागे टेकवलं. अब्बा म्हणाले, नगमा, पिवळखुटी आ रहा है. मी हललेच नाही. मला वाटलं, आता हे पुन्हा तेच काढणार, तू कसं खराब केलंस, मी कसं दुरुस्त केलं. एवढ्या वर्षांनी, लोकांसमोर. ते पुन्हा म्हणाले, बेटा, देख तो. हळू म्हणाले. गाडी थांबली. माझ्या तोंडावर ऊन येत होतं. मी जागी होते, उत्तमराव. पूर्ण जागी होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी माझ्या अंगावरून हात लांब केला आणि खिडकीचं शटर खाली ओढलं. त्यांच्यानं ते एका झटक्यात होत नव्हतं, हात कापत होता, थोडं थोडं करत ओढलं. ऊन गेलं. समोर एक बाई बसली होती, तिला म्हणाले, टीचर है. थक जाती है."

उत्तमरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं आणि बावीस वर्षांच्या नोकरीत जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्यांना सुचलं.

"एकच मिनिट थांबे गाडी तिथं," ते म्हणाले.

"मला लय लांब वाटलं ते," नगमा म्हणाली. "कधी एकदाची सुटते असं झालं होतं."